माणिकअण्णांची हुमनाबादची वाट

माणिकअण्णा नौबादहून हुमनाबादला जायला निघाले की आधी भालकीच्या रस्त्याला लागायचे.

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांना यात काही वावगं वाटणार नाही, म्हणून सांगतो. हुमनाबादला सरळ सडक आहे. मोटार त्या सडकेनं जाते, गाड्या जातात, दौऱ्यावरचे साहेब जातात. अण्णा मात्र सायकलीवर टांग टाकायचे, सडकेकडं पाठ करायचे, तांबड्या मुरमाच्या वाटेनं तीन टेकड्या चढायचे नि उतरायचे, खटकचिंचोळीच्या अंगाला काळ्या रानात शिरायचे आणि तिथनं दुबलगुंडीवरनं हुमनाबाद गाठायचे. दुपारच्या आत पोचायचा माणूस दिवस कलताना पोचायचा. एवढा फेरा कामून, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "फेरा कुठला? इथंच तर हाय."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. नुसता घराण्यातला नव्हे, सगळ्या आळीतला. आज्यानं मेंढरं राखली, बापानं मेंढरं राखली, आणि मी हैदराबादेत राहून उर्दूतून इतिहास आणि गणित शिकून आलो. हे मी फुशारकीनं सांगतोय असं कुणाला वाटेल. बरोबर आहे, फुशारकीच आहे. तर या बी.ए.ला हुमनाबादच्या शाळेत मास्तरकी मिळाली, आणि हजर व्हायला तिथवर जायचं कसं हा प्रश्न आला. लढाईचे दिवस होते. मोटारीला पेट्रोल नव्हतं, तिच्या मागं कोळशाची भट्टी बांधलेली असायची आणि ती चढ दिसला की खाली बसायची. मी एक जुनी सायकल घेतली. बाप म्हणाला, "माणिकअण्णासंगट जा. त्येंची रोजची वाट हाय."

अण्णांचं दार आमच्यापासून चौथं. धंदा शिंप्यांची मशीनं दुरुस्त करायचा. कॅरेजला एक पत्र्याची पेटी, तिच्यात सुया, बॉबिना, चामडी वाद्या नि तेलाची कुपी. बाजाराच्या प्रत्येक गावात त्यांचा एक तरी शिंपी होता. त्यामुळं अण्णांना मैल, कोस कळत नसत. भालकी म्हणजे चार शिंपी. हुमनाबाद म्हणजे नऊ.

त्यांची सायकल मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली आणि हबकलो. घंटी नव्हती. ब्रेक नव्हते. सीटखाली दोन स्प्रिंगा असतात, तिथं एकच होती, त्यामुळं अण्णा कायम थोडे डावीकडं कललेले असत.

"घंटी कुठं गेली अण्णा?"

"दुबलगुंडीला. तितल्या शिंप्याच्या मशीनची कमान तुटली हुती, घंटीतली बसली."

"आणि ब्रेक?"

"रबर एकाला दिलं, तार एकाला दिली. चालायलीत की दोनी मशीनं."

लढाईमुळं कुठलाही सुटा भाग मिळत नव्हता, आणि अण्णांना कुठल्या शिंप्याचं काम अडलेलं बघवत नव्हतं. त्यामुळं त्यांची सायकल हळूहळू वाटेवरच्या गावांत वाटली जात होती. शिंपी तरी काय देणार? त्यांनी चिंध्या दिल्या. मागच्या चाकात ट्यूब नव्हतीच. टायरमध्ये नऊ शिंप्यांच्या दुकानांतल्या चिंध्या ठासून भरल्या होत्या. टायर जिथं फाटलं होतं तिथनं कुणाच्या तरी झंपराचं हिरवं टोक बाहेर आलं होतं. अशा सायकलीच्या मागून मी, बी.ए., सरकारी नोकरीवर हजर व्हायला निघालो.

भालकीच्या रस्त्याला लागताच मी थांबलो. म्हटलं, "अण्णा, त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात. हे शाबीत झालेलं आहे."

अण्णांनी पाय टेकला. विचार केला. म्हणाले, "आसंल. तिसऱ्या बाजूला शिंपी किती हायती?"

यावर बी.ए.च्या अभ्यासात काही नव्हतं. मी गपगुमान पायडल मारायला लागलो.

पहिला चढ लागला आणि अण्णा कानडीत बोलायला लागले. माझ्याशी नव्हे, सायकलीशी. "नडी नडी, यव्वा, नडी," म्हणजे चल बाई, चल, असं तिला चुचकारत, धापा टाकत ते वर चढले. वर पोचून सपाटीला लागल्यावर मराठीत आले. मी विचारलं, "सायकलीला कानडी कळते काय?"

"चढाला कानडीच लागती, बीए. मराठी लांब हाय. दम पुरत न्हाई."

मग उतार आला. जांभ्या दगडाचा उतार तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो, तो झिजत नाही, माणसाला झिजवतो. ब्रेक नसलेली सायकल अण्णांनी त्याच्यावर सोडली, पुढच्या चाकावर उजव्या पायाची वहाण दाबली, आणि एका अंगाला कलून, धूर काढत खाली गेले. हो, धूर. चामड्याचा. मी माझे दोन्ही ब्रेक धरून वरतीच उभा होतो आणि मला घाम फुटला होता. माणूस गेला, असंच धरून चाललो. खाली गेलो तर अण्णा बाभळीखाली बसून वहाण फुंकत होते. "भेलास का? इथंच तर आलो."

दुपारच्या सुमाराला आम्ही काळ्या रानात उतरलो. खटकचिंचोळीच्या अलीकडं एक वाडी आहे. पंचवीस-तीस घरं असतील. वाडीच्या वेशीजवळ अण्णांनी जवळचं पाणी घटाघटा पिऊन संपवलं, तोंड पुसलं, मुंडासं नीट बांधलं आणि मगच आत शिरले.

वाडीत एकच शिंपी होता, मस्तानचाचा. त्याच्या छपरासमोर, वाट ओलांडली की, एक चौकटीचं मोठं दार. अण्णा छपरात बसले आणि मशीन उघडून तेल घालायला लागले. मस्तानचाचा मला म्हणाला, "क्या बोलूं मास्टरसाब, ये मशीन को क्या बी नै हुआ. सात बरस से क्या बी नै हुआ. हर हफ्ते आते, तेल पिलाते. उसका पेट फूट जाता कभी." मशीन खरंच लोण्यासारखं चालत होतं. निजामाच्या अख्ख्या राज्यात तसं मशीन नसेल.

एवढ्यात समोरच्या दारात एक बाई सूप घेऊन येऊन बसली. पाखडायला लागली. अण्णा मशीनमध्ये मान घालून, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "मस्तानभाई, औंदा नौबादला चिंचा लई लागल्यात. आमच्या अक्काचा गुडघा बी बरा हाय."

 मस्तानचाचाला चिंचांशी काही देणंघेणं नव्हतं. समोरची बाई गोठ्याकडं तोंड करून म्हशीला म्हणाली, "खा गं माय, खा. मी बरी हाय. माझी कुणी काळजी करू नगा."

मी एकदा म्हशीकडं पाहिलं, एकदा अण्णांकडं. अण्णांचा हात तेलाच्या कुपीवर तसाच थांबला होता.

ती त्यांची एकुलती एक मुलगी, भागू. अण्णांची बायको लवकर गेली होती, पोर अण्णांनी आणि त्यांच्या बहिणीनं, अक्कानं वाढवली, आणि सात वर्षांमागं या घरात दिली. हे मला मस्तानचाचानं सांगितलं. मी म्हटलं, "मग अण्णा, आत जा की. समोर तर आहे."

"गेलो की त्येंना पाणी घ्या मनावं लागतंय, अन् मला नगं मनावं लागतंय. दोघांचा बी अपमान. अन् हिला हाक मारली की सासू इचारती, बापाच्या कानात काय कुजबुजलीस."

पाणी का नको, ते मला ठाऊक होतं. आमच्याकडं रीत आहे. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही. नातवंड झालं की मग व्याही मानानं बोलावतात, बाप ओसरीवर बसतो, पाणी पितो, जेवतो, आणि लग्नाचं शेवटचं काम पुरं झालं असं धरतात. रीत सगळीकडं आहे, पण लोक सोयीनं पाळतात. माझा बाप माझ्या बहिणीकडं जाऊन ताक प्यायचा. ताक म्हणजे काही पाणी नव्हे, असा आमच्या घरचा निवाडा होता. हे मी अण्णांना सांगितलं.

अण्णांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की जणू मी बी.ए. नापास झालो. "ताकात काय असतंय, बीए?"

मला मात्र त्या घरातनं ताक आलं. भागूनंच आणून दिलं. तांब्याभर ताक मी अण्णांच्या देखत प्यालो, आणि रणरणत्या उन्हात आलेला तो माणूस कोरड्या ओठांनी मशीन पुसत बसला होता. तेव्हा मला लाज वाटली नाही. आता सांगताना वाटते.

हुमनाबादला पोचलो तेव्हा शाळा सुटून गेली होती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी गैरहजर. हेडमास्तरांना मी त्रिकोणाचं काही सांगितलं नाही.

पण त्यानंतर दर आठवड्याला मी सडकेनं नौबादला घरी यायचो आणि जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला अण्णांबरोबर त्याच वाटेनं जाऊ-येऊ लागलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. अण्णांची सायकल आणखी झिजत होती. एकदा पाहतो तर एक पायडलच नाही. नुसता दांडा. म्हटलं हे कुठल्या शिंप्याला दिलंत? म्हणाले, "ते आपलं पडलं. मी काय वेडा हाय का, चांगलं पायडल देयाला?"

सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. वाडीत गेलं की ते कळायचं. भागूची सासू दारात उभी राहून कुणाच्या तरी चौथ्या नातवाचं कौतुक मोठ्यानं करायची. भागू म्हशीशी बोलायची ती कमी होत गेली. एक जुम्मा असा आला की ती सूप घेऊन बाहेर आलीच नाही. अण्णांनी मशीनला दोनदा तेल घातलं. मग तिसऱ्यांदा घातलं. मस्तानचाचानं त्यांच्या हातातनं कुपी काढून घेतली.

पुढच्या आठवड्यात अण्णांना मस्तानचाचाचा निरोप आला. जावयाला दुसरी बायको करायचं घाटत होतं. मुलगी पाहून ठेवली होती. जुम्म्याला ओसरीवर बैठक बसणार, वाडीतली जाणती माणसं येणार, आणि भागूचा बाप म्हणून अण्णांचं 'व्हय' घेणार.

अण्णा रात्र न धरता, दिवस मावळायच्या आत हुमनाबादला माझ्याकडं आले. नेहमीचा चेहरा नव्हता. म्हणाले, "बीए, तू चल. तू शिकल्याला हाईस. माझ्या तोंडून कायबी न्हाई निघायचं तितं. मी न्हाई बी मनू शकत न्हाई, व्हय बी मनू शकत न्हाई. माझी पोरगी त्येंच्या दारात हाय."

मी छाती फुगवून हो म्हणालो. तीन दिवस भाषण तयार केलं. त्यात इतिहासातले तीन दाखले होते, आणि न्याय हा शब्द दोनदा येत होता.

त्या दिवशी चढाला अण्णा कानडीत बोलले नाहीत. सायकल हातात धरून चढले. उताराला वहाण टेकवली नाही, तिथंही चालतच उतरले. 

ओसरीवर घोंगडी टाकली होती. व्याही, वाडीतले तिघे-चौघे, त्यांच्यात आबा म्हणून एक फार म्हातारा माणूस, कोपऱ्यात मस्तानचाचा. जावई खांबाला टेकून काडीनं भुईवर रेघा ओढत होता. सासू आतल्या दारात सुपारी कातरत होती. अण्णा सात वर्षांत पहिल्यांदा त्या ओसरीवर चढले.

व्याही माणूस वाईट नव्हता. खालच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, तुमच्या भागूला आमी उणं बोलणार न्हाई. कामाला वाघीण हाय. पर सात वर्सं झाली. दुसरी आणायचं मनायलाव. भागू थोरली मनून ऱ्हाईल, तिला काय कमी पडणार न्हाई. तुमी व्हय मनलं की झालं."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णा घोंगडीच्या दशा चाचपत होते. मी घसा साफ केला. पहिला दाखला जिभेवर आला होता, पण आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि तो कुठं गेला मला कळलं नाही.  त्या शांततेत व्याह्यांना बसवेना, म्हणून ते सवयीनं म्हणाले, "पाणी तरी घ्या, अण्णा."

हे ते सात वर्षं म्हणत आले होते. वाटेत भेटले तरी म्हणायचे. त्यावर अण्णांनी हात जोडायचे आणि "पावलं" म्हणायचं, हे ठरलेलं.

अण्णा म्हणाले, "आण, भागू."

आधी कुणाला उमगलंच नाही. आतली सुपारी थांबली. भागू उंबऱ्यापर्यंत आली, रिकाम्या हातानं. "अप्पा, तुमाला चालत न्हाई."

"चालतंय. तांब्या भरून आण."

"अप्पा."

"आण मनलं न्हवं."

ती आत गेली. व्याह्यांनी हात वर केला, काय म्हणायचं ते न कळून खाली घेतला. मी आ वासून बसलो होतो. ताकातलं पाणी मोजणारा हा माणूस. माझ्या डोळ्यांदेखत भागूनं तांब्या पुढं केला, तेव्हा घोंगडीवर पाणी सांडलं. अण्णांनी तांब्या घेतला. परक्याच्या घरी आपण वरनं धार धरतो. अण्णांनी तांब्याला ओठ लावले, आपल्या घरी पितात तसे, आणि मान मागं टाकून तळाचा थेंब येईपर्यंत प्याले.

मिशा पुसून म्हणाले, "नातवंडाचं तोंड बघून इतलं पाणी प्यायचं मनून मी थांबलो हुतो. आता थांबत न्हाई. माझ्या लेकीचा संसार माझ्याकडनं आज पुरा झाला. तिच्यात काय कमी ऱ्हायलंय, आसं तुमाला वाटत आसंल तर आता बोला."

 व्याह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. सासू दारातनं आत सरकली. शेवटी आबांनी काठी टेकली आणि उठायला लागले. "बापानं पाणी घेतलं. आता कसली बैठक? लग्न पुरं झालं. चला, उठा."

सगळे उठले. मग जावई उठला. मस्तानचाचानं सात वर्षांत आणि मी या काही महिन्यांत त्याच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही ऐकला नाही. त्यानं अण्णांच्या हातातला रिकामा उष्टा तांब्या घेतला आणि स्वतः आत नेऊन ठेवला. आमच्याकडं कुठल्या पुरुषाला उष्टं भांडं उचलताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या घरात पुढं दुसरी सून आली नाही. पाळणाही हलला नाही. भागू तिथं नांदली.

परतताना आम्ही सायकली हातात धरून तांबडी टेकडी चढत होतो. ऊन होतं, वाटेला माणूस नव्हता. मला राहवेना. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही आज फार मोठं काम केलंत. मी एवढं शिकलो, पण मला हे सुचलं नसतं." आणखीही बरंच बोललो असेन. न्याय हा शब्द मी इथं वापरून घेतला.

अण्णांचं लक्ष नव्हतं. अर्ध्या चढावर ते एका दगडावर बसले. सायकल आडवी पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"मचूळ हाय, बीए," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी. तितलं पाणी मचूळ हाय. जिभंला लागतंय." त्यांनी खाली काळ्या रानाकडं हात केला. "नौबादच्या हिरीवरची पोर ती. गोड पाण्यावर वाढल्याली. सात वर्सं हे पिती. मी दर हप्त्याला समोर बसायलो, अन् मला म्हाईत न्हाई. बरी हाय मनायची."

 मी माझ्याजवळचं पाणी काढून त्यांच्यापुढं धरलं. "घ्या अण्णा, चूळ भरा. चव जाईल."

अण्णांनी मान हलवली. उठले, सायकल उभी केली. नौबाद येईस्तोवर त्यांनी दुसऱ्या पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही.